उतारावरच्या दोन बाटल्या

जर्मनीत किंडरगार्टनला मुलं खेळायला जातात आणि फक्त खेळायलाच जातात, हे पचायला मला बरेच महिने लागले. लेक पाच वर्षांची. इथे शाळा सहाव्या वर्षी सुरू होते, तोवर ना अक्षरं, ना पाढे. दर रविवारी फोनवर आईचा ठरलेला प्रश्न, "अगं, मग दिवसभर करतात तरी काय?"

उत्तर मिळालं ते पालकांना एक सकाळ वर्गात बसून बघू देतात, त्या दिवशी. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. मी इंजिनिअर. माझ्यासाठी अट अवघडच.

टबात पाणी होतं. मळलेल्या मातीचा गोळा टाकला, बुडाला. "जड आहे म्हणून," एकाने निकाल दिला. मग कुणीतरी त्याच गोळ्याची वाटी थापली आणि ती तरंगली. आता आली पंचाईत, वजन तर तेवढंच! कुणी म्हणालं पातळ झाली म्हणून, कुणी म्हणालं तिच्यात हवा आहे म्हणून. माझ्या लेकीने वाटीला भोक पाडून पाहिलं. ताई कुणालाच बरोबर म्हणाल्या नाहीत, चूकही नाही. "अजून काय करून बघूया?" एवढंच. वाटी जास्त पाणी बाजूला सारते, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

पलीकडे दोघं मुलं लाकडी पन्हळी जोडून गोट्यांसाठी रस्ता बांधत होती. मधला चढ सुरुवातीपेक्षा उंच, त्यामुळे गोटी अर्ध्यातून मागे यायची. मोठी गोटी आणली, फुंकर मारली, चिडून झालं. चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली, कुणी मदतीला गेलं नाही. शेवटी एकाने रस्त्याच्या सुरुवातीखाली खोका सरकवला आणि गोटी चढ पार करून गेली. मग अर्थातच आणखी एक खोका, आणि गोटी थेट कपाटाखाली. गोटी सुटली त्या उंचीपेक्षा वर चढत नाही, तो ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मला फळ्यावर भेटला होता, व्याख्या लिहा, दोन गुण.

या सगळ्याचं मूळ इथलंच आहे. फ्रीडरिश फ्रोबेलने 1837 मध्ये थुरिंगियातल्या ब्लांकेनबुर्ग गावात लहान मुलांसाठी खेळ-उद्योगांची संस्था काढली, आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याआधी हा माणूस बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करत होता, हे कळल्यावर त्याने मुलांसाठी बनवलेले लाकडी ठोकळे मला वेगळेच दिसायला लागले. त्याच्या खेळण्यांत एक चौकोनी ठोकळा दोरीला टांगून गरगर फिरवायचा असतो. वेगात फिरताना तो चक्क दंडगोल दिसतो. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारने 1851 मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली होती. ती 1860 मध्ये उठली, पण फ्रोबेल 1852 मध्येच गेला होता.

शेवटचा खेळ बाटल्यांचा. दोन सारख्याच बाटल्या, एक पाण्याने गच्च भरलेली, दुसरी वाळूने. उतारावरून सोडल्या तर आधी कोण पोहोचेल? आधी प्रत्येकाने कागदावर आपला ठिपका चिकटवायचा. ताईंनी मलाही ठिपका दिला. मी मनातल्या मनात हसले. वस्तुमानाने काही फरक पडत नाही, गॅलिलिओच्या काळापासून माहीत असलेली गोष्ट! चिकटवला 'दोन्ही सारख्याच'वर.

पाण्याची बाटली सहज पुढे गेली. तीनदा सोडली, तीनदा पुढे. घरी येताना ट्राममध्ये डोक्यात प्रकाश पडला. बाटली फिरते तेव्हा आतली वाळू तिच्याबरोबर गरगर फिरते, तिला फिरवण्यात ऊर्जा खर्च होते. पाणी मात्र बाटलीबरोबर फारसं फिरतच नाही, नुसतं पुढे सरकतं.

तो कागद अजून वर्गाबाहेर, मुलांच्या बुटांच्या कप्प्यांवर लावलेला आहे. 'सारख्याच'च्या रकान्यात एकच ठिपका. लेक रोज बूट काढताना येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगते, "हा माझ्या आईचा."