न वाजवलेली पांढरी तीन

१८ जुलै, फोंडा

सकाळपासून धो धो. बसमधून बोरीच्या पुलावर आलो तर खालची जुवारी दिसतच नव्हती, नुसती पांढरी वाफ. अशा पावसात मडगावला जायचं म्हणजे वेडेपणाच, पण बाईंचा फोन तसा होता. "मास्तर, पियानांत भूत रिगलां!" म्हणजे पियानोत भूत शिरलंय.

बाई ऐंशीच्या घरात आहेत. मी पेटीवाला. पेट्या दुरुस्त करतो, भजनाला साथ करतो, मुलांना शिकवतो. पियानोला मी फारसा हात लावत नाही. त्यांचा पियानो जुळवायला माणूस बाहेरून येतो, तोही चतुर्थी होऊन पाऊस ओसरल्यावर. पावसाळ्यात जुळवून उपयोग नसतो. आतली लाकडी फळी दमट हवेनं फुगते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतात. हवा सुकली की पुन्हा उतरतात. एरवी पट्टी अडकली, वाळवी लागली, असल्या कामांना बाई मला बोलावतात. कॉफी आणि बेबिंका मिळते, हेही आहेच.

भूत खरंच होतं. बाईंनी खर्जातली, म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी एक (सा धरला ती पट्टी) वाजवली आणि सोडली. आवाज थांबला, पण मागे एक बारीक सूर गुणगुणत राहिला. "आयकलें?" त्यांनी विचारलं. ऐकलं. गंधार होता, म्हणजे त्या साचा ग, पांढरी तीन, दोन सप्तकं वरचा.

वरची फळी काढून आत पाहिलं आणि भुताचा पत्ता लागला. मधल्या सप्तकातली पांढरी तीन दमट होऊन खालीच अडकून बसली होती. पट्टी खाली असली की तिच्या तारांवरची फेल्टची गादी उचललेली राहते. म्हणजे बाकी सगळ्या तारांचं तोंड दाबलेलं आणि या एका सुराच्या तिन्ही तारा मोकळ्या. त्यांना कोणी मारत नव्हतं. खर्जाच्या तारेत गंधार आहे आणि त्यानं त्या हलत होत्या.

तंबोरा छेडणाऱ्याला यात नवीन काय? खर्जाच्या तारेतून निघणारा स्वयंभू गंधार आमच्या गुरुजींनी पहिल्याच वर्षी कान धरून ऐकवला होता. पण तो तंबोऱ्यात असतो, घोडीच्या उतारावर, जवारीच्या धाग्याच्या कृपेनं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. बारा घरांचा, कापून ठेवलेला पियानो आणि त्यात स्वयंभू गंधार?

मग पट्टी लगेच सोडवलीच नाही. बाईंना म्हटलं, जरा खेळू द्या. आधी उलट करून पाहिलं. अडकलेली पट्टी बोटानं वर उचलली, खर्जातली पांढरी एक आवाज न करता हळूच दाबून धरली आणि वरची पांढरी तीन टपकन मारून सोडली. खर्जाच्या जाड, तांबं गुंडाळलेल्या तारेनं उत्तर दिलं. उत्तरही गंधारच होतं, पण मी मारला त्याच्यापेक्षा किंचित उतरलेला. पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. मला वाटलं, हा पावसाचा खेळ. म्हणून मधल्या सप्तकातली पांढरी एक मारून पाहिली. तिथे उत्तर सरळ आलं. पांढरी पाचलाही जवळजवळ सरळ. म्हणजे सगळं खापर पावसावर फोडता येत नव्हतं.

हिशेब घरी येऊन केला. खर्जाची पांढरी एक सेकंदाला साधारण ६५.४ कंपनं करते. तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट असे बारीक उपस्वरही निघतात. पाचवा म्हणजे तिच्या पाचपट, ३२७. पियानोवरची पांढरी तीन मात्र ३२९.६ ला लावतात, कारण सप्तकाचे बारा सारखे तुकडे करायचे तर गंधार थोडा चढाच राहतो. पेटीचंही तेच. काळी पाच मारली तेव्हा तर तार जवळजवळ गप्प बसली. तारेचा सातवा उपस्वर ४५८ च्या आसपास आणि पट्टीचा सूर ४६६. ओळख पटणार कशी?

तिशीत असताना एका बुजुर्ग गायकांनी भर मैफलीत माझा हात धरून पेटी थांबवली होती. "गंधार टोचतोय." तेव्हापासून मी पेटीबद्दल माफी मागतच जगलो आहे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं, हेही विद्यार्थ्यांना मी जरा खालमानेनंच सांगतो. आज पट्टीच्या गंधाराला तारेनंच, न भांडता, दुरुस्त करून दाखवलं. माझ्या तिशीतल्या पेटीला ही सोय नव्हती. पेटीचा सूर म्हणजे पितळेची जीभ. भात्याची हवा मिळाली तर बोलणार, शेजाऱ्याचं ऐकून हलणार नाही.

बाईंचा नातू परदेशात संगीत शिकतो. फोनवर त्याला भुताची गोष्ट सांगितली तर तो हसत सुटला. म्हणे, हे मुद्दाम करणारे लोक आहेत. पॅरिसमध्ये १९७० च्या दशकात जेरार ग्रिझे आणि त्रिस्ताँ म्युराय यांनी सुरावटीऐवजी एका आवाजाच्या पोटात काय काय आहे ते उलगडून त्यावरच रचना बांधल्या. ग्रिझेनं १९७५ मध्ये ट्रॉम्बोनच्या एका खर्जाच्या सुराचे उपस्वर अठरा वाद्यांत वाटून दिले. या पद्धतीला 'स्पेक्ट्रल' हे नाव संगीतकार ह्यूग द्युफूर यांनी १९७९ मध्ये दिलं. म्युरायची १९७७ ची एक पियानोची रचना त्यानं मला पाठवली. त्यात उजवं पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबलेलंच असतं, म्हणजे सगळ्याच तारा मोकळ्या.

परतीच्या बसमध्ये ती ऐकली. खरं सांगतो, मध्ये डुलकी लागली. पण जागा होतो तेवढं जे ऐकलं ते विसरणार नाही. हातोडीपेक्षा हातोडीनंतरचं ऐकायला लावणारं ते वादन आहे. स्वराचा जोर आधी झपकन ओसरतो, मग उरलेला स्वर लांबत राहतो. लांबताना त्याची चकाकी आधी जाते आणि गाभा मागे राहतो. आपला गवई षड्ज लावून बसतो तेव्हा आपण हेच तर ऐकतो, फक्त तिथे श्वास असतो. म्युरायमध्ये श्वास मला सापडला नाही. दोनदा ऐकून मग बोलावं म्हणा.

बाईंचं काम शेवटी दहा मिनिटांचं निघालं. पट्टीखालच्या पिनेभोवतीचं फेल्ट फुगलं होतं, ते चिमट्यानं दाबून बसवलं. आत एक छोटा बल्ब लावून ठेवायला सांगितलं. त्यांनी पुन्हा खर्ज वाजवला. सोडला. शांत. जरा वेळ पियानोकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "भूत बरें आशिल्लें मरे." त्यांना पट्टी आवाज न करता कशी दाबायची ते दाखवलं. सांधेदुखीच्या बोटांना ते जमेना. चौथ्या खेपेला जमलं.

उद्या परीक्षेची मुलं येणार. धडा नेमका नादाच्या तीन गुणांचा: उंची, लहानमोठेपणा आणि जात. पहिले दोन मी पेटीवर दाखवतो. 'जात' मात्र वर्षानुवर्षं नुसती पाठ करून घेतो: बासरी ती बासरी, सतार ती सतार, का ते विचारू नका. सुराच्या पोटातले उपस्वर ऐकवायला उद्या तंबोरा काढावा म्हणतो. त्याची खर्जाची पितळी तार गेल्या आठवड्यात तुटली आहे, आठ वाजायच्या आत चढवायला हवी.