घर मिळालं, पण नोंदणी होईल का? मुंबई ते आखेन, पहिले पंधरा दिवस

होस्ट फॅमिलीकडे पहिला महिना काढायचा असं ठरवून सप्टेंबरअखेर मुंबईहून जर्मनीतल्या आखेनला शिकायला जाणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. थंडी, भाषा आणि जेवण यांची धास्ती सगळेच घालतात. त्यातलं बरंचसं महिनाभरात अंगवळणी पडतं. मुलं अडकतात ती एका कागदावर, आणि त्या कागदाबद्दल इथल्या सल्लागारांच्या कचेऱ्यांत कुणी आपणहून बोलत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, "तिथे गेल्यावर होतं." ते आपोआप होत नाही, म्हणून आधी तेच.

जर्मनीत राहायला गेलेल्याने दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. 1 नोव्हेंबर 2015 पासून त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. "अमुक व्यक्ती अमुक तारखेला माझ्याकडे राहायला आली" एवढाच त्याचा मजकूर. भाडेकरार दाखवून काम भागत नाही. कितीही पानांचा करार असला तरी खिडकीवरची बाई तो परत करते आणि हा एकपानी दाखला मागते.

आता गोची कुठे होते ते बघा. खोली भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कुटुंबांना हा दाखला द्यायचा नसतो. काही स्वतःच भाडेकरू असतात आणि मूळ मालकाला न विचारता खोली देतात. काहींनी खोलीचं भाडं उत्पन्नात दाखवलेलं नसतं. एकट्या आईला किंवा वडिलांना मिळणारी करसवलत घरात दुसरा प्रौढ नोंदला की धोक्यात येते. माणसं वाईट नसतात, प्रेमाने जेवू घालतात, पण सही करत नाहीत. सही नसली की नोंदणी नाही आणि मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे नोंदणीचा दाखला, नाही. टॅक्स आयडीचं पत्रही येत नाही. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे ज्या खात्यात आधी भरून ठेवायचे आणि जे दरमहा थोडे थोडे मिळतात, ते ब्लॉक्ड अकाउंट. काही ब्लॉक्ड अकाउंटवाले दरमहाचे पैसे सुरू करायला हाच दाखला मागतात. म्हणजे 11,904 युरो स्वतःच्या नावावर पडलेले आणि खिशात भाड्यालाही पैसे नाहीत. एका सहीसाठी मुलं ऐन पहिल्या आठवड्यात, लेक्चर सोडून, दुसरं घर शोधत फिरतात.

म्हणून मुंबईत बसूनच, एक रुपयाही पाठवण्याआधी, त्या कुटुंबाला थेट लिहून विचारा: "इस्ट डी आनमेल्डुंग म्योग्लिश?" म्हणजे नोंदणी करता येईल का. उत्तर "या", म्हणजे हो, असेल तर दुसरा प्रश्न: दाखला कोण सही करणार आणि कोणत्या तारखेला देणार. उत्तर लेखी हवं. "बघू", "एजंटशी बोला", "एका महिन्यासाठी कशाला" यातलं काहीही आलं तर ती खोली सोडा, कितीही स्वस्त असली तरी. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही. "माझ्या मित्राच्या पत्त्यावर नोंदवून टाक" असं कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. न राहता नुसता पत्ता वापरू देणाऱ्याला कायद्याने 50,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. उशिरा नोंदणी केली तर दंडाची मर्यादा 1,000 युरो आहे.

आणि एक गोष्ट संतापाने सांगतो. या नोंदणीला शुल्क नाही. मुंबईतल्या "सेटलिंग पॅकेज"मध्ये आनमेल्डुंगचे म्हणून शंभर-दीडशे युरो लावलेले असतील तर ती शुद्ध लूट आहे. लागतं ते एवढंच: पासपोर्ट आणि व्हिसा, घर देणाऱ्याचा दाखला, भरलेला अर्ज आणि ऑनलाइन घेतलेली वेळ. सेमिस्टरच्या तोंडावर वेळा भराभर संपतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढलंत की त्याच दिवशी वेळ घ्या. अर्जात धर्माचा रकाना असतो. वसईच्या कॅथलिक मुलांनी तो समजून भरावा. तिथे कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल नोंद झाली की चर्चकर लागू होतो आणि आखेनच्या राज्यात तो आयकराच्या 9 टक्के आहे. आयकरच भरावा लागत नसेल तोवर चर्चकरही शून्य, पण पुढे नोकरी लागली की पगारातून कापला जातो.

आता प्रवास. मुंबईहून फ्रँकफर्टची थेट विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची असतात. तिकिटावर 26 तारीख, पहाटे अडीच असं असेल तर सहार विमानतळावर 25 च्या रात्रीच पोहोचायचं. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतं. प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचं पत्र, एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) आणि होस्ट फॅमिलीचा पत्ता हातातल्या बॅगेत ठेवा. फ्रँकफर्टचा अधिकारी मागू शकतो आणि तेव्हा मोठी बॅग पट्ट्यावर फिरत असते. तिकिटावर, प्रवेशपत्रावर आणि बँकेत नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये असतं, कधी गाळलेलं असतं. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर निघण्याआधी सरळ करा.

होस्ट फॅमिलीला भेट म्हणून पेढे, बर्फी किंवा घरचं तूप नेऊ नका. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको. चहाचा मसाला, सुकामेवा, वारली चित्राचं कापड चालतं. चिक्की न्यायची तर आधी शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते विचारा.

सहारच्या काउंटरवर युरो घेऊ नका. तिथला दर आणि शहरातल्या बँकेचा किंवा परवानाधारक मनी चेंजरचा दर यांत 10 टक्क्यांचा फरक असला तर 500 युरोंमागे 50 युरो गेले, म्हणजे आठवड्याचा किराणा. आदल्या आठवड्यातच फोर्ट किंवा दादरमध्ये दोन-तीन ठिकाणी दर विचारा. 200 ते 300 युरो रोख, शंभरच्या नोटा न घेता वीस आणि पन्नासच्या, आणि उरलेले फॉरेक्स कार्डावर. तिकडच्या एटीएमवर भारतीय डेबिट कार्ड घातलं तर मशीन विचारतं की हिशेब रुपयांत करू का. नेहमी नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांतला दर मशीनवाला ठरवतो आणि तो महागच पडतो.

कार्डावर किती? ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतात, पण पहिला हप्ता हातात यायला तीन ते सहा आठवडे धरा. पहिलं भाडं, डिपॉझिट, महिन्याचा विमा आणि खाणं मिळून 1,500 युरोंच्या खाली जाऊ नका. घरातून पाठवू म्हणाल तर पाठवायला तिथे खातं लागतं आणि खात्याची कथा पुन्हा नोंदणीवर येते. अनेक ऑनलाइन बँकांची व्हिडिओवरून ओळख पटवण्याची पद्धत भारतीय पासपोर्ट स्वीकारत नाही. मग पोस्टात जाऊन ओळख पटवायची किंवा गावातल्या शाखेत वेळ घेऊन जायचं. नोंदणी अडलेली असेल तर बाझिसकोन्टो मागा. युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला हे साधं खातं मिळण्याचा हक्क जून 2016 पासून आहे आणि त्यासाठी कायमचा पत्ता असण्याची अट नाही. बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर छापील अर्जच मागा, तोंडी नकार घेऊन परतू नका.

फ्रँकफर्ट विमानतळाखाली दोन स्टेशनं आहेत. लोकलसारख्या एस-बान गाड्यांचं स्टेशन टर्मिनल 1 च्या खाली, आणि आयसीईचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांचं, फेर्नबानहोफ, पुलावरून पलीकडे. आखेनला जाणारी आयसीई पलीकडून सुटते. ब्रुसेल्सकडे जाणारी आयसीई थेट आखेनला थांबते, पण दिवसात मोजक्याच आहेत. एरवी कोलोनला बदल. बऱ्याच आयसीई कोलोनच्या मुख्य स्टेशनात न जाता अलीकडच्या डॉइट्झला, खालच्या फलाटांवर थांबतात. घाबरू नका, वरच्या फलाटावरून आरई 1 किंवा आरई 9 ही प्रादेशिक गाडी आखेनलाच जाते. दोन बॅगा ओढत नदीपलीकडे पळण्याची गरज नाही. स्वस्त श्पारप्राइस तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमान लेट झालं आणि गाडी चुकली तर पैसे बुडाले. उतरल्यापासून किमान तीन तासांनंतरची गाडी घ्या. गाडीच लेट असेल तर मात्र नियम आपल्या बाजूने आहे: पोहोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर दिसला की दुसरी गाडी धरता येते, आणि 60 मिनिटांनंतर तिकिटाचे 25 टक्के परत मागता येतात.

शनिवारी रात्री पोहोचू नका. रविवारी दुकानं बंद असतात. 3 ऑक्टोबरलाही बंद.

घरात पहिल्या दिवशी "झी" आणि आडनाव, म्हणजे आपलं अहो-जाहो. "डू"वर यायचं आमंत्रण त्यांच्याकडून येतं, तोवर थांबा. संध्याकाळचं जेवण थंड असतं: पाव, चीज, काकडी. तो पाहुण्याचा अनादर नाही, त्यांचं रोजचं जेवणच तसं. शाकाहारी असाल तर "मांस नाही" एवढं पुरत नाही. मासे, अंडी, जिलेटिन वेगवेगळं सांगा.

खरी भांडणं होतात ती पाण्यावरून आणि वाफेवरून. बाथरूममध्ये शॉवरच्या बाहेर जमिनीला मोरी नसते. बादली-मग घेऊन बाहेर आंघोळ केली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतात उतरतं आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येतो. पडद्याच्या किंवा काचेच्या आतच आंघोळ, आणि पहिल्याच आठवड्यात हाफ्टप्फ्लिख्ट विमा काढा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान तो भरतो. ओले कपडे खोलीत वाळवून खिडकी बंद ठेवली की भिंतीला बुरशी येते. हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दिवसभर फटीएवढी उघडी ठेवून भिंत नुसती गार पडते. फोडणीआधीही खिडकी उघडा, कारण झोपायच्या खोल्यांत धुराचे अलार्म सक्तीचे आहेत. इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. इंडक्शन बुडाचाच न्या, आणि शिटी होईल हे आधी सांगून ठेवा. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे, तेव्हा ट्रान्सफॉर्मर नको, फक्त पिन बदलणारा ॲडॅप्टर.

पोहोचलात त्याच दिवशी टपालपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवायला परवानगी मागा. पत्ता बरोबर असला तरी पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पत्रात, पिन दुसऱ्यात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात, टॅक्स आयडी चौथ्यात. सगळं टपालानेच येतं. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्रही येईल, महिना 18.36 युरो. ते घरटी एकच आहे. कुटुंब भरत असेल तर त्यांचा क्रमांक घेऊन कळवा, नाहीतर तिमाहीचं 55.08 युरोंचं बिल तुमच्या नावे सुरू होतं.

दादरच्या स्टुडिओत काढलेले फोटो रेसिडेन्स परमिटला चालत नाहीत. 1 मे 2025 पासून फक्त डिजिटल फोटो घेतात, तो जर्मनीतच काढायचा. व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयाकडे अर्ज पोहोचला पाहिजे. शुल्क 100 युरो.

पंधरवड्यातले रविवार, जंगलातल्या फेऱ्या, कुटुंबाबरोबरचा केक सगळं छान असतं. त्यासाठी तयारी लागत नाही.

होस्टेलसाठी श्टुडिरेन्डेनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणाऱ्या संस्थेकडे, अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी करा. खोली मिळाली की होस्ट फॅमिलीला नोटीस द्यायची. मालकाच्याच राहत्या घरातली सामानासह दिलेली खोली असेल तर 15 तारखेपर्यंत दिलेल्या नोटिसीने त्याच महिन्याअखेर सोडता येते. नोटीस कागदावर, शाईच्या सहीने. ईमेल किंवा व्हॉट्सॲप धरत नाहीत आणि मग पुढच्या महिन्याचंही भाडं भरावं लागतं. नव्या खोलीत गेल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा आनमेल्डुंग, आणि जुन्या पेटीवरचं आडनाव अजून महिनाभर तसंच ठेवायला सांगा, कारण टॅक्स आयडीचं पत्र बहुधा त्याच पत्त्यावर निघालेलं असतं.