नऊ माळा आणि एक फ्रेम

पितृपक्षातला शेवटचा रविवार

सायकलची फ्रेम आली. पुण्याहून रात्रीच्या लक्झरीनं, खाकी पुठ्ठ्यात गुंडाळून. पहाटे साडेपाचला बेळगावात गोगटे सर्कलवर उतरवून घेतली आणि खांद्यावर टाकून चालत घरी आणली. आई दारातच उभी. "पक्ष चाललाय, नवीन काय घरात घेऊ नकोस." म्हटलं, आई, ही जुनीच आहे, चार वर्षं कुणीतरी वापरलेली. "मग जुनी कशाला आणलास? जुनी होती की आपली!"

याला उत्तर नाही. फ्रेम घटस्थापनेपर्यंत मागच्या पडवीत ठेवायची, उघडायची नाही, असं ठरलं. मी रात्री टॉर्च लावून उघडून बघितलीच.

आपली जुनी 2012 सालची. महिन्यापूर्वी जांबोटीच्या रस्त्यावरून चिखल अंगावर घेऊन आलो. चढावर पायाला जोर दिला की कुठूनतरी टिक् टिक् आवाज यायचा. तो शोधण्यासाठी सायकल धुतली, तेव्हा सीटखालच्या नळीच्या जोडाला केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं, रंग उडालाय. नख फिरवलं तर नख अडकलं.

आप्पांची अख्खी नोकरी उद्यमबागेत फौंड्रीत गेली. त्यांना दाखवली. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसले. मी म्हटलं, वेल्डिंग करून घेऊया की, ॲल्युमिनियम जोडणारे आहेत. ते म्हणाले, "भेग भरेल रे. पण उष्णतेनं बाजूची नळी मऊ पडते. परत भट्टीत घालून कडक करायला पाहिजे, ते कोण करून देणार तुला? उद्या उतारावर शेजारीच तुटंल."

तेव्हा हिशेब साधा वाटला. फ्रेम तेवढी बदलायची, बाकी सगळं जुनंच चढवायचं. फ्रेमचे साडेनऊ हजार, वर फार तर हजारभर.

घटस्थापना

पहाटे दुर्गामाता दौड गल्लीतून गेली, त्या आवाजानं जाग आली ती बरी झाली. आठ वाजता पडवीत पोतं अंथरून बसलो.

पेडलं आधी. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे. हे माहीत असून दरवर्षी एकदा डावं पेडल आवळून ठेवतो, आजही ठेवलं. मग पुलर लावून क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, काढले. बीबीचा, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगचा, उजवा कपही उलट्या आट्यांचा, चालवताना आपोआप ढिला पडू नये म्हणून. या सायकलीत कुठं उलटं आणि कुठं सुलटं याचा नकाशा आप्पांच्या बोटांत आहे. मला दरवेळी डोक्यात आणावा लागतो.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, मात्र हलेना. पावसाचं पाणी आणि लाल माती आत उतरून पोस्ट आणि नळी एकजीव झालेली. आप्पांनी रॉकेल मागितलं. रॉकेल आता घरात कुठलं? शेवटी तेल मारून ठेवलं.

तिसरी माळ

सीटपोस्ट निघाली. सायकल उलटी केली, सीट आप्पांनी दोन्ही गुडघ्यांत धरली आणि मी फ्रेम फिरवली. पहिल्यांदा सुटली तेव्हा दार करकरावं तसा आवाज आला. दोघंही दचकलो, मग हसलो. बाहेर आली ती पांढऱ्या बुरशीसारख्या थरानं माखलेली. दर पावसाळ्याआधी काढून ग्रीस लावायला पाहिजे होतं. तेरा पावसाळे म्हणजे तेरा वेळा. एकदाही लावलं नाही.

आता सगळे पार्ट पोत्यावर ओळीनं मांडलेत. आई दळण घेऊन जाताना म्हणाली, "काय करालायस हे, मोडीत घालणार काय?"

चौथी माळ

आज मोजमापाचा दिवस. व्हर्निअर आप्पांचा, फौंड्रीतून रिटायर होताना घेऊन आलेला.

बीबी: जुन्या फ्रेमचं कवच 68 मिलिमीटर, नवीचं 73. बसत नाही. नवी घ्यायची.

सीटपोस्ट: जुनी 27.2, नवी नळी आतून 31.6. डुगडुगते.

पुढचं चाक धरणारा चिमटा: जुन्याचा दांडा वरपासून खालपर्यंत एकसारखा 28.6. नव्या फ्रेमचं तोंड वर अरुंद, खाली रुंद. शहापुरात ज्या मिस्त्रीमामांकडे मी लहानपणापासून जातो ते म्हणाले, खालचा कप असा मिळतो की रुंद तोंडातही सरळ दांडा बसतो, पुण्याहून मागवूया. मागवूया म्हणजे हेडसेटचे, त्या कप-बेअरिंगच्या जोडाचे, चौदाशे.

पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा, सगळ्यांत शहाणा निघाला. जुन्या नळीवर तो बसायचा तेव्हा क्लँपच्या आत पातळ पट्टी होती. नवी नळी जाड, पट्टी काढून टाकली आणि बसला. एवढा एकच पार्ट असा, ज्यानं काही मागितलं नाही, उलट स्वतःतलं काढून दिलं.

चाकं. यावर झोप उडालीय. फ्रेम साडेसत्तावीस इंची चाकांची, माझी चाकं सव्वीसची. मागच्या एक्सलची रुंदी 135, ती जुळते, डिस्क ब्रेकची जागाही सारखी, त्यामुळे चाक बसतं. पण रिमवर टायर जिथं टेकतो तो व्यास जुन्याचा 559 आणि नव्या मापाचा 584. अर्धं केलं तर साडेबारा मिलिमीटर. क्रँक जमिनीला तेवढा जवळ येणार. राजहंसगडाच्या वाटेवर जे दगड आजवर पेडलखालून जायचे, त्यातले काही आता पेडलला लागणार. चाकांचा नवा जोड घ्यायचा तर सगळा हिशेबच बुडतो. तूर्त सव्वीसच, वळणावर आतलं पेडल वर ठेवायची सवय लावायची.

पाचवी माळ

सीटपोस्टसाठी उद्यमबागेत गेलो. आप्पांच्या ओळखीचा लेथवाला. जुनी सीटपोस्ट नव्या नळीत घट्ट बसेल अशी बाही त्याला कागदावर काढून दिली: बाहेरून 31.6, आतून 27.2, लांबी 100, एका बाजूला उभी चीर. भिंतीची जाडी 2.2 मिलिमीटर राहते, एवढी पातळ नळी लेथवर थरथरते म्हणे. त्यानं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आप्पांच्या तब्येतीची चौकशी केली आणि म्हणाला, "आग्तैत्री. नाळि बर्री."

होतंय, उद्या या. हे "नाळि" म्हणजे उद्या. बेळगावात राहून ज्याला एवढं कन्नड कळत नाही त्यानं कुठलंही काम करून घेऊ नये. आणि हे "उद्या" कधी येतं, ते कुठल्याच भाषेत सांगता येत नाही.

सातवी माळ

"नाळि" आज उगवलं. दोनशे पन्नास रुपये. बाही अशी बसली की ग्रीस लावून हातानं दाबत नेली तर हवा फुस्स करून बाहेर आली. हे पुण्याहून मागवून मिळालं नसतं.

संध्याकाळी मात्र चेननं घात केला. ठरवलं होतं की चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्र्या, जुनीच ठेवायची, कारण दोन्ही एकमेकांबरोबर झिजलेत. चेनच्या बारा कड्या नव्या असताना बरोब्बर 12 इंच भरतात. माझी फूटपट्टीला लावली तर एकअष्टमांश इंच पुढे गेलेली. एवढी ताणल्यावर नुसती चेन नवी घातली तर जुन्या दात्यांवरून ती उड्या मारते. जुनी चेन मात्र त्याच झिजलेल्या दात्यांत गुमान बसते. दोन म्हाताऱ्यांचं जमतं, त्यात नवं माणूस आणू नये.

पण नव्या फ्रेमच्या मागच्या नळ्या 438 मिलिमीटरच्या, जुनीच्या 425 होत्या. चेनला वरच्या बाजूला तेरा मिलिमीटर, खालच्या बाजूला तेरा, म्हणजे सव्वीस. चेन एका कडीनं, एका इंचानं, कमी पडली. मोठ्यावर मोठा गिअर (पुढची मोठी चक्री, मागचीही मोठी) टाकला की मागचा डिरेलर नुसता ओढला जातो. चुकून चढावर पडला तर डिरेलर उपटून स्पोकात. मामांना विचारलं, नवी एक कडी जोडू? त्यांनी असं बघितलं जणू मी चहात मीठ मागितलंय.

म्हणजे नवी चेन, म्हणून नवी कॅसेट. दोन्ही मिळून सतराशे. पुढची मधली चक्रीही खरं तर गेलेलीच आहे, तिच्याकडे बघायचं टाळतोय.

खंडेनवमी

सायकल अजून अर्धी. केबलची आऊटर, म्हणजे बाहेरची नळी, कापायची राहिली, हँडल लोंबतंय. उद्यमबाग आज पूजेला बंद, सगळ्या मशिनींना झेंडू.

आई आरतीचं ताट घेऊन पडवीत आली आणि थबकली. आप्पांची जुनी काळी सायकल, स्कूटर, पाने, पक्कड, व्हर्निअर, सगळ्यांना कुंकू झालं. मग भिंतीला टेकवलेली भेगाळलेली फ्रेम, पोत्यावर अर्धवट उभी असलेली नवी, आणि खोक्यात जुनी बीबी, जुनी चेन, जुनी कॅसेट.

"यातली तुझी कुठली?"

मी नव्याकडे बोट केलं. तिनं नव्या फ्रेमला कुंकू लावलं, हँडलला माळ घातली. मग खोक्यातल्या चेनवर दोन अक्षता टाकल्या. जुन्या फ्रेमच्या तोंडाच्या नळीलाही कुंकू लावलं. "तेरा वर्षं चाललीय," एवढंच म्हणाली.

रात्री जागून केबली ओढल्या. एकूण खर्च 14,350. माळ्यावर जुनी फ्रेम ठेवताना आप्पांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "थोडे घालून नवीच आली असती." हे त्यांनी चौदा दिवसांपूर्वी सांगायला पाहिजे होतं, असं मी म्हटलं नाही.

दसरा

सीमोल्लंघन. सकाळी साडेसहाला निघालो, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची आणि शिनोळी. वेंगुर्ल्याचा रस्ता. शिनोळीत दुकानांच्या पाट्या एकदम मराठी होतात, मोबाईलवर "महाराष्ट्रात स्वागत" असा मेसेज येतो. बेळगावकराचं सीमोल्लंघन एवढं सोपं आणि एवढं अवघड.

आप्पा स्कूटरवरून मागून आले होते, खरं तर भज्यांसाठी. चहा घेताना सायकलीकडे बघत म्हणाले, "1956 साली हेच केलं. आपला जिल्हा मुंबई राज्यातून काढला आणि म्हैसूरवर चढवला. चंदगड तालुका तेवढा सुटला, तो इकडंच राहिला." मग भजं बुडवून, "तुझ्या चेनसारखं. एक कडी कमी पडली की ओढ लागते."

मी म्हटलं, आप्पा, चेन आता नवी घातलीय. "व्हय की," म्हणाले, आणि दुसरी प्लेट मागवली.

सायकल चांगली चालते. हँडल पूर्वीपेक्षा पुढं आलंय, पाठ थोडी दुखली. गिअर पडले की कडक आवाज येतो, नव्या दात्यांचा. बाचीच्या चढावर पेडल दोनदा जमिनीला लागलं, साडेबारा मिलिमीटर तिथं कळले.

परतताना सुळग्याच्या अलीकडे चढावर उभं राहून जोर दिला आणि टिक्.

थांबलो. पुन्हा जोर दिला. टिक्. तोच आवाज, जो शोधता शोधता ती भेग सापडली होती. म्हणजे भेग खरी होती, पण आवाज तिचा नव्हताच. जुन्या सायकलीवरून जे जे चढवलंय त्यातलंच कुणीतरी बोलतंय. सीटवरून उठून बघितलं, सीटचा नाही. हँडल सोडून बघितलं, हँडलचा नाही. डाव्या पायाला जोर दिला की येतो.

उद्या पेडल काढून, आटे पुसून ग्रीस लावतो. डावं आहे, उलट फिरवायचं.