हिरोशिमाच्या म्युझियममधले शाळेचे कपडे

हिरोशिमाचं पीस मेमोरियल म्युझियम बघून आले त्याला बरेच दिवस झाले, पण लिहायला बसलं की हात थांबायचा. आज जसं आठवेल तसं लिहितेय.

आकडे मला जाण्याआधीच पाठ होते. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८ वाजून १५ मिनिटं, जमिनीपासून साधारण ६०० मीटर वर अणुबॉम्बचा स्फोट, वर्ष संपेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. आतल्या अंधाऱ्या हॉलमध्ये शिरलं की हे पाठांतर काही कामाला येत नाही, कारण समोर काचेत एक फाटका, जळका शर्ट असतो आणि खाली मुलाचं नाव, वय, तो स्फोटाच्या जागेपासून किती लांब होता ते लिहिलेलं असतं. पुढच्या काचेत परत तेच. वय १२, वय १३, परत १३.

मला कळेचना, एवढी शाळेची मुलं कशी? म्हणजे मेलेल्यांत मुलं असणारच, पण एवढी, आणि सगळी एकाच वयाची?

तर झालं होतं असं की शहरातली घरं लाकडी, टोकियो मार्चमध्येच जळालं होतं, त्यामुळे हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरांच्या रांगाच्या रांगा पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं, आणि मोठी माणसं युद्धावर किंवा कारखान्यात, म्हणून हे काम दिलं होतं शाळकरी मुलांना. त्या सकाळी हजारो मुलं शहराच्या मध्यभागी उघड्यावर कौलं, लाकडं उचलत होती. सातच्या सुमाराला भोंगा वाजला होता पण साडेसातला धोका टळल्याचा इशाराही झाला, म्हणून सगळे कामाला लागलेले. हे वाचल्यावर मी मागे फिरून पहिल्यापासून सगळे कपडे परत बघितले.

शिगेरू ओरिमेन नावाच्या १३ वर्षांच्या मुलाचा डबा आहे तिथे. आईने तीन दिवसांनी त्याला शोधून काढलं तेव्हा तो डबा त्याच्यापाशीच होता, आतलं जेवण जळून कोळसा झालंय, आणि ते तसंच्या तसं आत आहे. मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. डबा सकाळी कोणीतरी घाईघाईत भरून दिलेला असतो हो.

आणि ती तीनचाकी सायकल. शिन, चार वर्षांचाही पूर्ण नव्हता, सायकल खेळत होता. एवढ्याशा पोराला एकट्याला लांब कसं ठेवायचं म्हणून वडिलांनी त्याला घराच्या अंगणातच पुरलं, सोबत सायकल. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, ती बाहेर काढून म्युझियमला दिली. इथल्या बऱ्याच वस्तू अशाच आल्यात, आईबापांनी वर्षानुवर्षं कपाटात जपलेल्या.

इथे पूर्वी भाजलेल्या माणसांचे पुतळे होते, ते २०१७ मध्ये काढले, त्यावर बराच वाद झाला. मला विचाराल तर बरं केलं. पुतळा बघून माणूस दचकतो आणि पुढे जातो, डब्यासमोरून पुढे जाता येत नाही.

शहरात लष्कराचं मोठं मुख्यालय होतं हे म्युझियम लपवत नाही, मेलेल्यांमध्ये हजारो कोरियन माणसं होती हेही सांगतं. मला हे आवडलं, पटलं. पण मुख्यालय होतं म्हणून त्या बारा वर्षांच्या मुलांचं काय, हे कोणी मला समजावून सांगू शकणार नाही.

बाहेर पार्कमध्ये लोक सादाकोच्या, म्हणजे बॉम्बनंतर काही वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मुलीच्या, स्मारकापाशी कागदी क्रौंच ठेवत होते, तिकडे गर्दी होती. मी चालत चालत गवताच्या एका गोल टेकाडापाशी पोचले. त्याच्या खाली सुमारे ७० हजार जणांच्या अस्थी आहेत, बहुतेकांची ओळखच पटलेली नाही. आठशेच्या वर अस्थी मात्र अशा आहेत की नाव माहितीये, पण न्यायला कोणी आलेलं नाही, बहुधा मागे कोणी उरलंच नसेल. शहर अजूनही दरवर्षी त्या नावांची यादी छापून देशभर पाठवतं, कोणी ओळखतंय का बघायला.