तुम्ही विचारलंत म्हणून: मेट्रन दिवसभर करते तरी काय?

गणपतीत आमच्याकडे आरतीला जमलेल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दरवर्षी विचारतंच, "तुम्ही त्या शाळेत नेमकं काय करता? शिकवता?" नाही म्हटलं की, "मग नर्स आहात?" तेही नाही म्हटलं की समोरचं माणूस जरा अवघडतं, आणि मग मनातलं बाहेर येतं: "एवढी एवढीशी पोरं आईबापांशिवाय राहतात कशी हो?" वाईची आमची आत्या फोनवर आडपडदा ठेवत नाही. ती सरळ म्हणते, "आई धडधाकट असताना पोरांना तिथं कशाला टाकतात?" यंदा तिघांनी विचारलं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला, एका खेड्याबाहेरच्या प्रेप स्कूलमध्ये मेट्रन आहे, म्हणजे रात्री शाळेतच राहणाऱ्या मुलांची देखभाल करणारी बाई. हे माझं नववं वर्ष. प्रेप म्हणजे प्रिपरेटरी: सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांची खाजगी शाळा. तेराव्या वर्षी मुलं इथल्या मोठ्या खाजगी शाळांत जातात (त्यांनाच इथे 'पब्लिक स्कूल' म्हणतात, त्यामुळे आपल्याकडच्या पाहुण्यांचा हमखास गोंधळ होतो). तिथल्या प्रवेशासाठी त्यांची तयारी करून घेणं हे प्रेप स्कूलचं मूळ काम. म्हणून आमच्याकडे नऊ-दहा वर्षांची पोरं लॅटिनची रूपं घोकताना दिसतात, आणि गृहपाठालाही 'प्रेप' म्हणतात.

आत्याचा एक गैरसमज आधी दूर करते. बहुतेक मुलं संध्याकाळी घरी जातात. आमच्याकडे दोनशेच्या वर मुलं आहेत, त्यातली रात्री झोपायला असतात साधारण पन्नास. त्यातही काही आठवड्यातून दोन-तीनच रात्री राहतात, काही सोमवार ते शुक्रवार. पूर्ण टर्मभर राहणारी थोडी, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे आई किंवा वडील सैन्यात असतात. दर दोन वर्षांनी बदली, दर बदलीला नवी शाळा, हे टळावं म्हणून संरक्षण खातं अशा कुटुंबांना फीचा मोठा वाटा देतं. बाकीच्यांना ही फी डोळे पांढरे करणारीच आहे. बोर्डिंगची फी अनेक शाळांत टर्मला १०,००० पौंडांच्या पुढे, आणि जानेवारी २०२५ पासून त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे कर. ज्यांना हे परवडतं तेच इथे येतात, आणि ही गोष्ट मला टोचते. पण रात्री दोन वाजता उलटी झालेल्या पोराचं तोंड पुसताना ती मनात येत नाही.

आत्याचा दुसरा प्रश्न: "मारतात का गं?" नाही. इंग्लंडमधल्या खाजगी शाळांत १९९९ पासून छडी कायद्यानं बंद आहे. सरकारी शाळांत तर त्याच्याही आधी.

आता माझं काम. साडेसहाला मी वरच्या मजल्यावर असते. सात वाजता पडदे उघडायचे, एकेकाला नावानं उठवायचं. पन्नास मुलांचे मोजे, दात, केस, टाय. प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवलेली असते. सप्टेंबरचा पहिला आठवडा माझा त्या पट्ट्या तपासण्यातच जातो. नऊ वर्षांत माझ्या हाताखालून किती मोजे गेले असतील त्याला गणती नाही.

याच वेळी एक काम मी करते ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून फार जपून करते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत कुणाचं ना कुणाचं अंथरूण ओलं होतंच. ते मूल उठून पांघरूण नीट ओढून घेतं आणि माझ्याकडे न बघता खाली जातं. मला तेवढं पुरे. सगळी न्याहारीला गेली की चादर, उशीचा अभ्रा, दुलईची खोळ, सगळं बदलायचं. त्यासाठी अशा मुलांच्या आयांना मी सुरुवातीलाच सांगते की अगदी एकाच नक्षीच्या दोन खोळी द्या. एकीवर ट्रॅक्टर असेल तर दुसरीवरही तोच ट्रॅक्टर हवा. म्हणजे दुपारी मित्र खोलीत आला तरी त्याला काही बदललेलं दिसत नाही. त्या मुलाला मात्र कळतं. कधी संध्याकाळी ते नुसतंच माझ्या शेजारून जाताना हळूच "थँक यू, मेट्रन" म्हणतं. कशाबद्दल, ते दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

न्याहारीनंतर माझ्या खोलीबाहेर रांग लागते, तिला 'सर्जरी' म्हणतात. खरचटलेले गुडघे, खोकला, चष्म्याचा निघालेला स्क्रू. शिकलेली नर्स वेगळी आहे; औषधांचं कपाट, इनहेलर, दवाखान्याच्या वेळा हे तिच्याकडे. साधं पॅरासिटामॉल दिलं तरी वेळ, मात्रा, सही. उलटी-जुलाब झाले की शेवटच्या खेपेनंतर ४८ तास मूल वर्गात परत जात नाही, मग परीक्षा असो की नाटक. आणि रग्बीत डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की मूल तिथल्या तिथे मैदानाबाहेर, आणि सामना खेळायला किमान २१ दिवस नाही. शनिवारी मोठा सामना असतो, संघ अडलेला असतो, पोरगं डोळ्यांत पाणी आणून म्हणतं, "मला काही होत नाहीये." अशा वेळी प्रशिक्षकाचं चालत नाही आणि हेडचंही (मुख्याध्यापकांचंही) चालत नाही. हा नियम मला फार प्रिय आहे.

रांगेत सगळ्यात जास्त येतं ते पोट. सोमवारी गणिताच्या आधी दुखणारं पोट, फोनवर घरी बोलून झाल्यावर दुखणारं पोट. त्याला खोटं म्हणायची मला कधी इच्छा झाली नाही. आठ वर्षांच्या मुलाला "मला करमत नाही" हे वाक्य सापडत नाही, पोट सापडतं. मी गरम पाण्याची पिशवी देते, आणि माझ्या शेजारी बसून मोज्यांच्या जोड्या लावायला सांगते. हातात काम असलं की पोरं बोलतात.

पण मला एकटीला काहीच कळत नाही, आणि मला नेमकं हेच सांगायचंय. अशा शाळेत प्रत्येक माणूस दोन-तीन कामं करतो. लॅटिनचे सर दुपारी हॉकी शिकवतात, आठवड्यातून एक रात्र डॉर्मवर (मुलांच्या झोपायच्या खोल्यांवर) ड्युटी करतात आणि बुधवारी सामन्याला मिनीबस चालवतात. हेड रोज सकाळी दारात उभे राहून प्रत्येक मुलाशी हस्तांदोलन करतात. पाहुण्यांना तो शिष्टाचार वाटतो, पण कुणाचा हात आज गार आहे, कोण नजर चुकवतंय, हे त्यांना तिथंच समजतं. दुपारच्या जेवणाला प्रत्येक टेबलाच्या टोकाला एक शिक्षक बसतो, म्हणजे कुणाची ताटली तशीच परत जाते ते दिसतं. बर्सर म्हणजे शाळेचा पैसा, बॉयलर, छप्पर आणि तुंबलेली गटारं सांभाळणारा माणूस. पण कुणाच्या घरची ओढाताण चाललीय ते आधी त्याला कळतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून वर्षभरासाठी आलेली अठरा-एकोणीस वर्षांची 'गॅप' मुलं असतात. ती स्वतःच घरापासून हजारो मैल लांब, त्यामुळे कोण जागं आहे ते त्यांना बरोबर कळतं.

मागे एक मुलगा होता. तपशील थोडे बदलून सांगते. तो सलग चार रात्री, दिवे मालवायच्या वेळी, एक मोजा घेऊन माझ्याकडे आला. "हा माझा नाही." मोजा त्याचाच होता, आत नाव होतं. पहिल्या रात्री मी नाव दाखवलं. दुसऱ्या रात्री नुसता ठेवून घेतला. सकाळच्या दहा मिनिटांच्या स्टाफ बैठकीत मी ते सांगितलं, अगदी किरकोळ म्हणून. तर किचनमधल्या बाई म्हणाल्या, तो टोस्ट घेतो आणि खिशात घालतो. मिनीबसवाले सर म्हणाले, हल्ली खिडकीशी एकटाच बसतो. आणि मैदान आखणारे आमचे ग्राउंड्समन, जे सहसा तोंड उघडत नाहीत, म्हणाले, मधल्या सुट्टीत तो माझ्या शेडपाशी येऊन उभा राहतो. टोस्ट त्यांच्या कुत्रीला द्यायला होता. चौघांकडे चार तुकडे होते. नुसत्या माझ्या मोज्यावरून काहीच कळलं नसतं.

त्या रात्री तो आला तेव्हा मी त्याला मोज्यांची टोपली दिली. दहा-बारा जोड्या लावून झाल्यावर म्हणाला, "एक सांगितलं तर कुणाला सांगणार नाही ना? प्रॉमिस?"

इथे माझी एक जुनी चूक सांगावी लागेल. पहिल्या वर्षी असंच एका मुलीनं विचारलं होतं आणि मी, आपल्याकडची कुठलीही मावशी म्हणेल तसं, "नाही सांगणार गं बाळा" म्हणून गेले होते. तिनं जे सांगितलं ते सांगावंच लागणार होतं. इथे प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली एक ठरलेली व्यक्ती असते, आणि काळजीची गोष्ट त्या व्यक्तीपर्यंत गेलीच पाहिजे. मी सांगितलं, मुलीला मदत मिळाली, सगळं योग्य झालं. पण त्यानंतर कितीतरी आठवडे ती माझ्या खोलीवरून जाताना मान फिरवत असे. मी तिला दिलेला शब्द मोडला होता. प्रशिक्षणात हा नियम मला शिकवला होता, पण तो अंगात मुरला तो तिच्या त्या फिरवलेल्या मानेमुळे.

म्हणून या मुलाला मी म्हटलं, "तसं वचन मला देता येणार नाही. तुला मदत लागेल असं काही असलं तर मला एका माणसाला सांगावं लागेल. पण कुणाला सांगणार ते तुला आधी सांगेन, आणि तुला न विचारता सगळीकडे करणार नाही." तो गप्प झाला. मला वाटलं, गेलं, आता नाही बोलायचा. त्यानं आणखी एक जोडी लावली, मग म्हणाला, "आमची कुत्री म्हातारी आहे. डॅडची बदली झाली की तिला नेणार नाहीत." फोनवर अर्धंमुर्धं ऐकलं होतं त्यानं. दुसऱ्या दिवशी बोर्डिंगची जबाबदारी असलेल्या हाउसपेरेंटनी घरी फोन केला. कुत्री आजीकडे राहणार होती, फक्त त्याला सांगायचं राहून गेलं होतं.

असं दर वेळी इतकं सोपं निघत नाही. काही मुलांना बोर्डिंग मानवत नाही, अगदी प्रेमळ घरातल्यांनाही. मग आम्ही आईवडिलांना बोलावून तसं सांगतो, आणि मूल घरी जातं. आत्याला मी हेही सांगते. सात वर्षांचं मूल टर्मभर दूर ठेवावं असं मला स्वतःला वाटत नाही, माझ्या मुलाला मी ठेवलं नाही. पण नाही म्हटलं तरी मुलं आलीच आहेत, आणि आली आहेत तर त्यांच्याकडे बघणारं माणूस वर असलं पाहिजे.

लहानपणी वाईत आमच्या घरावरून पाचगणीच्या शाळांच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या गाड्या जायच्या. टपावर ट्रंका बांधलेल्या, पसरणीच्या घाटाकडे तोंड. मागच्या काचेला कपाळ टेकवून एखादं पोरगं बसलेलं असायचं. मी हात हलवायचे, आणि रात्री जेवताना आईला विचारायचे की आता त्याला पांघरूण कोण घालत असेल. आईला उत्तर माहीत नव्हतं. तुम्ही मला विचारता तो प्रश्न, म्हटलं तर, माझाच आहे.

पहिल्या संक्रांतीला मी तिळगूळ करून न्यायचं ठरवलं होतं. आधी शेफला विचारलं, कारण बाहेरचं खाणं त्याला न दाखवता मुलांना देता येत नाही. त्यानं मला किचनच्या भिंतीवरचा तक्ता दाखवला: कायद्यानं सांगावे लागतात असे १४ ॲलर्जीचे पदार्थ, आणि त्याखाली आमच्या मुलांचे फोटो. शेंगदाणे आहेत हे मला ठाऊक होतं. तीळही त्यात आहेत हे तेव्हा कळलं. दोन मुलांच्या फोटोखाली तीळ लिहिलेले होते. माझा चेहरा पडलेला बघून त्यानं त्या संध्याकाळी ओट्सचे गोड फ्लॅपजॅक केले, सगळ्यांना चालतील असे. ते वाटताना मी मुलांकडून "गोड बोला" म्हणवून घेतलं. आता दर जानेवारीत तो स्वतःच मला तारीख विचारतो.

साडेआठला लहान मुलांचे दिवे बंद होतात. मग रात्रीच्या ड्युटीसाठी नोंद लिहायची. परवाची माझी नोंद अशी होती:

"डॉर्म दोन: खिडकीजवळच्याला खोकला, जादा उशी दिली आहे, अकराला एकदा बघा. डॉर्म तीन: नवीन मुलीनं आज सगळं जेवण संपवलं, दोनदा वाढून घेतलं. रडली नाही. दार थोडं उघडं ठेवा, पॅसेजचा दिवा तिला लागतो. डॉर्म चार: ट्रॅक्टरची दुसरी खोळ धुऊन कपाटात वरच्या कप्प्यात आहे."