बटण दाबले आणि काहीच झाले नाही

मे महिन्यातील एका दुपारी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गोदामातून मला फोन आला. “मॅडम, स्कॅनचं बटण दाबून राहिलो, पण काहीच नाही होऊन राहिलं.” बोलणारे काका तिथे माल उतरवून घेण्याचे काम पाहतात आणि त्या दिवशी त्यांच्यापुढे विजेच्या सामानाने भरलेला ट्रक उभा होता. माझ्या टेबलावरच्या फोनवर तेच बटण दर खेपेस कॅमेरा उघडत होते, त्यामुळे मी त्यांना आधी नेटवर्क पाहायला सांगितले, मग फोन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. आपली चूक सापडत नसली की आमच्या व्यवसायातील माणसे जे जे सांगतात, ते सर्व सांगून झाले. दोष फोनचाही नव्हता आणि नेटवर्कचाही नव्हता. तो मी लिहिलेल्या कोडच्या चार ओळींत होता, आणि तो समजून घेताना मला माझ्याच कामाकडे नव्याने पाहावे लागले.

गोदामातील मालाची नोंद करणारी ही प्रणाली सेल्सफोर्सवर, म्हणजे व्यवसायांसाठी ॲप बनवण्याच्या एका ऑनलाइन मंचावर, उभी आहे. तिचे पडदे लाइटनिंग वेब कॉम्पोनंट या पद्धतीने लिहिले जातात. २०१९ च्या सुरुवातीला सर्वांसाठी खुली झालेली ही पद्धत ब्राउझरच्याच प्रमाणित वेब कॉम्पोनंटवर आधारलेली आहे. म्हणजे पानाची मांडणी सांगणारा एचटीएमएलचा साचा, त्याला वागायला शिकवणारी थोडी जावास्क्रिप्ट आणि स्वतःचे नाव असलेला एक टॅग. असा घटक, म्हणजे कॉम्पोनंट, मोबाइल ॲपमध्ये दिसतो तेव्हाही तो मुळात वेबपानच असतो आणि ॲपच्या आत बसवलेल्या ब्राउझरच्या चौकटीत चालतो. कॅमेरा, जीपीएस, बोटाचा ठसा यांवर त्याचा थेट हक्क नसतो. या गोष्टी ॲपच्या ताब्यात असतात आणि ॲप त्या मोबाइल कॅपॅबिलिटीज नावाच्या मॉड्यूलमधून आपल्या घटकाला वापरायला देते. घटकाने स्कॅनर मागायचा, तो उपलब्ध आहे का असे विचारायचे आणि होकार आला तरच स्कॅन करायला सांगायचे. मग ॲप आपल्या पानावर स्वतःचा कॅमेऱ्याचा पडदा उघडते, बारकोड वाचते आणि घटकाच्या हाती फक्त वाचलेला मजकूर व बारकोडचा प्रकार ठेवते. कॅमेऱ्यातील चित्र घटकाला कधीच दिसत नाही. शेजाऱ्याकडून शिडी मागून आणावी तसा हा व्यवहार आहे, आणि शेजारी घरी नसला तर काय करायचे, हा प्रश्न शिडी मागणाऱ्यानेच आधी सोडवून ठेवायचा असतो.

मी तो सोडवलेला नव्हता. गोदामातील माणसे कंत्राटावरची असल्याने त्यांच्यासाठी वेगळी साइट होती आणि त्याच साइटचे ॲपही त्यांच्या फोनवर टाकून दिले होते. परंतु त्या सकाळी कोणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर साइटची लिंक पाठवली, काकांनी ती दाबली आणि पान ॲपऐवजी फोनच्या ब्राउझरमध्ये उघडले. दिसायला पान तेच होते, बटणही तेच होते. स्कॅनचे बटण दाखवायचे की नाही, हे मी पडद्याच्या आकारावरून ठरवले होते: उपकरण लहान असेल तर बटण दाखवा. लहान उपकरण म्हणजे ॲपच असणार, हे माझे गृहीतक. उपलब्धतेचा प्रश्न मी बटण दाबल्यानंतर विचारत होते आणि उत्तर नकारार्थी आले तर कन्सोलमध्ये, म्हणजे फक्त प्रोग्रामर पाहतात त्या नोंदींच्या खिडकीत, एक ओळ लिहून गप्प बसत होते. गोदामात उभ्या असलेल्या माणसाला कन्सोल दिसत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

दुरुस्ती करायला बसले तेव्हा उपलब्धतेची तपासणी बटण दाखवण्याच्या जागी आणणे, हा सोपा भाग पाच मिनिटांत झाला. खरा बदल रचनेत करावा लागला. पूर्वी माझ्या घटकाचे नाव ‘स्कॅनर’ होते. आता ते ‘मालाचा क्रमांक’ आहे. म्हणजे मूळ वस्तू ही एक साधी रिकामी चौकट, जिच्यात तेरा अंक टाइप करता येतात, आणि स्कॅनर मिळाला तर तिच्या शेजारी कॅमेऱ्याचे चिन्ह उमटते. अंक कुठून आले याचे चौकटीला सोयरसुतक नसते. हे लिहिताना फार सामान्य वाटते, पण मी पाहिलेल्या बहुतेक व्यावसायिक ॲपमध्ये रचना नेमकी उलटी असते: आधी कॅमेरा, आणि तो चाललाच नाही तर कुठल्या तरी कोपऱ्यात ‘स्वतः भरा’ अशी बारीक अक्षरांतील लिंक.

हाताने अंक भरायचे तर चुका होणार, अशी शंका ग्राहकाने काढली आणि ती रास्त होती. सुदैवाने दुकानातील मालावर असणाऱ्या तेरा अंकी बारकोडमध्ये, म्हणजे ईएएन-१३ मध्ये, शेवटचा अंक पडताळणीसाठीच ठेवलेला असतो. पहिले बारा अंक आळीपाळीने एक आणि तीनने गुणायचे, बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जेवढे लागेल तो तेरावा अंक. ८९०१२३४५६७८९ या बारा अंकांची अशी बेरीज १३० येते, म्हणून तेरावा अंक शून्य. एखादा अंक चुकीचा पडला तर ही पडताळणी तो हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते, मात्र त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, उदाहरणार्थ १ आणि ६, तर ती फसते. त्यामुळे पडताळणीनंतर मालाचे नाव ठळक अक्षरांत दाखवून ‘हेच का?’ असे विचारण्याची पायरी मी ठेवली आहे.

गंमत म्हणजे हाताने भरलेल्या अंकांपेक्षा कॅमेऱ्याने वाचलेल्या अंकांनी आम्हाला जास्त छळले. एका खोक्यावर मालाचा बारकोड, वाहतूक कंपनीने चिकटवलेली चिठ्ठी आणि एखादा क्यूआर कोड असे तीन प्रकार सुखेनैव नांदत असतात. कोणते प्रकार वाचायचे हे सांगितले नाही तर स्कॅनर त्याला जो आधी सापडेल तो वाचतो, आणि मग मालाच्या नोंदीत वाहतूकदाराचा पावती क्रमांक जाऊन बसतो. स्कॅन करताना हव्या त्या प्रकारांची यादी देता येते, आणि मी आता फक्त एकच प्रकार देते. पडद्यावर दिसणारी सूचनाही आपल्या शब्दांत देता येते. ‘मालाचा बारकोड चौकटीत धरा’ हे वाक्य तिथे दिसू लागल्यावर मला येणारे फोन कमी झाले.

परवानगीबद्दल एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. कॅमेरा वापरायला नकार मिळण्याच्या दोन तऱ्हा असतात आणि सेल्सफोर्स त्यांसाठी दोन वेगळे त्रुटीसंकेत देते: एक, आत्ता विचारले आणि वापरकर्त्याने नाही म्हटले, दुसरी, पूर्वीच नाही म्हटलेले असल्याने आता फोन विचारतच नाही. अँड्रॉइड ११ पासून एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की विचारणा बंदच होते. पहिल्या तऱ्हेत ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणणे योग्य आहे. दुसऱ्या तऱ्हेत तेच वाक्य म्हणजे माणसाला भिंतीवर डोके आपटायला सांगणे आहे, कारण तिथे फोनच्या सेटिंगमध्ये गेल्याशिवाय मार्ग नसतो. पूर्वी मी या दोन्ही ठिकाणी ‘काहीतरी चुकले’ असा एकच संदेश दाखवत होते.

याच ग्राहकासाठी केलेला दुसरा घटक नागपूरच्या इतवारीतल्या दुकानांना भेट देणाऱ्या विक्री प्रतिनिधींचा होता. दुकानात पोहोचल्यावर ‘भेट नोंदवा’ दाबायचे आणि ठिकाणाची नोंद व्हायची. मी अक्षांश-रेखांश साठवले आणि काम संपले असे समजले. महिनाभरात वाद सुरू झाले: प्रतिनिधी म्हणतो मी दुकानात होतो, नकाशा म्हणतो तो दोन गल्ल्या सोडून होता. इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्याने उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो, हे एक कारण. दुसरे कारण असे की, २०२० च्या आयओएस १४ पासून आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून वापरकर्ता ॲपला फक्त अंदाजे ठिकाण देऊ शकतो, आणि तसे दिले असेल तर चूक किलोमीटरच्या घरात जाते. फोन मात्र प्रामाणिक असतो. तो प्रत्येक ठिकाणाबरोबर अचूकतेचा आकडा मीटरमध्ये देतो; तो मीच साठवला नव्हता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक सुमारे एक मीटर दाखवतो; आणि ज्या नोंदीची अचूकता ४०० मीटर आहे तिचे सहा अंक छापणे हा शुद्ध देखावा आहे. शून्य मैलाचा दगड ज्या शहरात उभा आहे तिथल्या मुलीने अंतराबाबत असा ढिसाळपणा करावा, हे टोमणे मी कार्यालयात पुरेसे ऐकले. आता अचूकता १०० मीटरपेक्षा वाईट असेल तर नोंद होते, पण तिच्यावर ‘अंदाजे’ असा शिक्का बसतो आणि ती हजेरीच्या वादात पुरावा म्हणून धरली जात नाही. हा शेवटचा नियम कोडमध्ये घालण्याआधी व्यवस्थापनाशी दोन बैठका झाल्या, आणि त्या माझ्या मते सर्व तांत्रिक कामापेक्षा महत्त्वाच्या होत्या.

संपर्कयादी, दिनदर्शिका, एनएफसी (फोन जवळ नेऊन चिप वाचण्याची सोय), बोटाचा ठसा यांच्या सोयीही याच पद्धतीने मागता येतात आणि त्यांचे व्याकरण जवळपास सारखेच आहे. गोदामात त्यांचा उपयोग पडला नाही.

उन्हाचा विषय मात्र टाळता येत नाही. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचे तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या गोदामात तर विचारायलाच नको. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो, फ्लॅश बंद करतो आणि कॅमेरा जितका वेळ उघडा तितका तो अधिक तापतो. सलग अनेक खोकी स्कॅन करता यावीत म्हणून कॅमेरा उघडाच ठेवण्याची सोय आहे आणि ती मला फार आवडली होती; उन्हाळ्यासाठी मी ती बंद केली. आता प्रत्येक वाचनानंतर कॅमेरा मिटतो, काकांना प्रत्येक खोक्यासाठी एकदा जास्त बटण दाबावे लागते, आणि त्यांनी त्याबद्दल एकदा कुरकुर केलीही.

जूनमध्ये लेखा विभागातील ताईंनी एक वेगळीच तक्रार केली. त्यांच्या संगणकाला यूएसबीची हातात धरायची स्कॅनर गन जोडलेली आहे. अशी गन संगणकाला कीबोर्डसारखीच भासते: ती अंक टाइप करते आणि शेवटी एन्टर दाबते. ताईंनी ‘मालाचा क्रमांक’ या चौकटीत कर्सर ठेवून गन चालवली, तेराच्या तेरा अंक बरोबर उमटले, पडताळणीही झाली. तक्रार एवढीच होती की त्यानंतर माउसने ‘जोडा’ हे बटण दाबावे लागते. त्या संध्याकाळी मी एन्टरची कळ ऐकणारी एक ओळ घातली.