एकाच फाइलमधल्या दोन नोंदी

क्लिनिकल ट्रायलची संमती घेताना आधी पंखा बंद करावा लागतो, हे बाहेरच्या कोणाच्या डोक्यात येणार नाही. मानसिक आजाराच्या पेशंटवर नव्या रेणूची, म्हणजे नव्या औषधाची चाचणी असेल, तर संमतीचं सगळं बोलणं व्हिडिओवर घ्यायचं असतं. 2013 साली सुप्रीम कोर्टाने कान उपटल्यावर हे सुरू झालं, आणि बरं झालं. पण पंख्याची घरघर माइकमध्ये शिरली की पेशंटचा होकार ऐकू येत नाही. म्हणून पुण्यात, भर मे महिन्यात, दार लावून आम्ही सगळे घामाघूम.

पेशंट चाळिशीतल्या बाई. स्किझोफ्रेनिया जुना, गोळ्या नियमित, तरी कानातले आवाज थांबत नव्हते. चालू गोळ्या तशाच ठेवून वर नवी गोळी किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी द्यायची, अशी ट्रायल. सोबत पहाटेच्या एसटीने आलेला धाकटा भाऊ. "अगं ताई, कर की सही, डॉक्टर सांगतायत ना!" हे त्याचं पालुपद. एरवी असे नातेवाईक आम्हाला सोयीचे वाटतात, हे कबूल करायला हवं.

डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं. कोणती गोळी मिळाली ते तुम्हाला कळणार नाही, आम्हालाही नाही, कॉम्प्युटर ठरवतो.

"मग कोणाला माहीत असतं?" बाईंनी विचारलं.

गरज पडली तर कोणती गोळी मिळाली याचा कोड उघडता येतो, असं डॉक्टर म्हणाले.

"रात्री दोन वाजता गरज पडली तर कोण उघडणार? आणि हा व्हिडिओ कोण कोण बघणार?"

कोणीतरी लांबून ठरवतंय, समोर बसलेल्यालाही ठाऊक नाही, वर कॅमेरा चालू. संशयाने पछाडलेले पेशंट नेमकं हेच तर सांगत असतात. आमच्याकडे ते छापील असतं आणि त्यावर एथिक्स कमिटीचा शिक्का असतो, एवढंच.

सगळी उत्तरं ऐकून बाईंनी सही केली. डॉक्टर खूश. त्यांनी फाइलमध्ये लिहिलं, 'समर्पक प्रश्न विचारले. माहिती समजली आहे. संमती देण्यास सक्षम.'

मग शेजारच्या खोलीत पॅन्सची मुलाखत. पॅन्स म्हणजे स्किझोफ्रेनियाची लक्षणं किती तीव्र आहेत ते मोजायची मोजपट्टी. पॅन्समध्ये 30 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. त्यातला पी-सिक्स हा मुद्दा म्हणजे संशय. माणूस उघड अविश्वास दाखवतो, पण वागण्यावर फारसा परिणाम नाही, तर 3. तोच अविश्वास मुलाखतीच्या आड आला, तर 4. हा एक गुण किरकोळ वाटेल, पण पेशंटला ट्रायलमध्ये घ्यायला आमच्या प्रोटोकॉलला, म्हणजे ट्रायलच्या नियमावलीला, ठरावीक मुद्द्यांपैकी किमान दोनांत 4 हवे होते. आवाजांचे 4 होतेच. आमच्या सायकॉलॉजिस्टने पी-सिक्सलाही 4 दिले आणि खाली कारण लिहिलं, 'माहिती कोणाकडे जाणार, याची वारंवार विचारणा.'

म्हणजे एका खोलीत जे शहाणपण ठरलं, तेच दुसऱ्या खोलीत लक्षण. आणि त्याच लक्षणावर बाई ट्रायलमध्ये बसल्या. निमूट सही केली असती, तर बहुधा बाद झाल्या असत्या.

चहाला मी सायकॉलॉजिस्टला छेडलं. ती म्हणाली, "मी गेल्या सात दिवसांचं बघते गं. भाऊ म्हणाला, शेजाऱ्यांशी बोलत नाही."

"शेजाऱ्यांशी मीही बोलत नाही," मी म्हटलं.

तिने खोटेपणा केला असं मला वाटत नाही. ती कामाला चोख आहे. पण दर सोमवारी 'एन्रोलमेंट कुठवर आलं?' असा मेल येतो, आणि किती गुणांना पेशंट आत येतो हे साइटवर सगळ्यांना पाठ असतं. मी ट्रायलची कोऑर्डिनेटर, गुण देण्याचा अधिकार मला नाही. ते एका अर्थी बरंच आहे. नंतर मॉनिटर, म्हणजे ट्रायलची कागदपत्रं तपासणारा माणूस आला. सह्या, तारखा, वेळा त्याने भिंग लावल्यासारख्या तपासल्या. या दोन्ही नोंदी त्याच्या नजरेखालून गेल्या आणि दोन्हींवर टिक झाली.

चौथ्या आठवड्यात पॅन्स पुन्हा होईल. तोवर बाई आम्हाला सरावतील, कदाचित कॅमेऱ्याचं विचारणारही नाहीत. मग पी-सिक्स 3 वर येईल, फार तर 2 वर. आणि ती सुधारणा गोळीच्या नाहीतर प्लासिबोच्या खात्यावर जमा होईल.